कृष्णविवराची फिकी बाजू: ठाण्यातील एका रांगोळीचा प्रकरण अभ्यास

ज्या वस्तूतून प्रकाश बाहेरच पडत नाही तिची रांगोळी काढायची, असे आमच्या चौघांच्या गटाने गुढीपाडव्याच्या दीड महिना आधी ठरवले, तेव्हा हे काम किती प्रश्न उभे करील याची आम्हाला पुरती कल्पना नव्हती. नौपाड्यातील एका शाळेच्या सभागृहात पाडव्यानिमित्त चार दिवसांचे रांगोळी प्रदर्शन भरणार होते आणि आयोजकांनी त्या वर्षी ‘अवकाश’ हा विषय दिला होता. ठाण्यात पाडवा आणि रांगोळी यांचे नाते घट्ट आहे. कोपिनेश्वर मंदिरातून निघणारी स्वागतयात्रा आणि गावदेवी मैदानातली भव्य रांगोळी पाहत वाढलेला इथला प्रेक्षक जाणकार असतो. रेघ कुठे थरथरली, छटा कुठे तुटली, हे तो उभ्या उभ्या सांगतो. इतर गटांनी चांद्रयान, शनीची कडी, अंतराळवीर असे विषय घेतले होते. आम्ही कृष्णविवर घेतले.

गटात एक निवृत्त चित्रकला शिक्षिका होत्या, ज्यांना आम्ही सगळेच काकू म्हणतो. व्यक्तिचित्रांच्या रांगोळीत हात बसलेला एक तरुण होता, आणि महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे सर होते, ज्यांनी त्याआधी कधी रांगोळी हातात धरली नव्हती. चौथी मी. वही ठेवण्याचे काम माझ्याकडे होते आणि पुढील नोंद त्या वहीवरूनच लिहिली आहे. जे डोळ्यांना दिसूच शकत नाही ते चितारताना कलावंताला कोणकोणते निर्णय घ्यावे लागतात, हे मला या एका कामात जितके स्वच्छ दिसले तितके त्याआधीच्या वीस वर्षांत कधी दिसले नव्हते, म्हणून ते तपशिलाने मांडते आहे.

‘विवर’ या शब्दाने केलेली गफलत

कामाची सुरुवात सरांच्या एका अटीने झाली. प्रत्येकाने आपापल्या घरी, कुणाशीही न बोलता, पेन्सिलीने एक कच्चे चित्र काढायचे आणि रविवारी चारही चित्रे एकत्र मांडायची. ही अट त्यांनी कृष्णविवराच्या पहिल्या प्रतिमेच्या इतिहासातूनच उचलली होती. ‘इव्हेंट होरायझन टेलिस्कोप’ या प्रकल्पात एप्रिल २०१७ मध्ये पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांतील आठ रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने निरीक्षणे घेण्यात आली. त्यांचे एक लक्ष्य म्हणजे एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातील, आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेले आणि सुमारे साडेसहाशे कोटी सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर. जमलेली माहिती इतकी प्रचंड होती की ती हार्ड डिस्कवर भरून विमानाने न्यावी लागली. त्या माहितीतून प्रतिमा उभी करताना शास्त्रज्ञांनी चार गट पाडले आणि या गटांनी सुरुवातीला आपापली प्रतिमा एकमेकांना दाखवली नाही. आपल्याला जे दिसावेसे वाटते तेच आपण नकळत चित्रात आणू, ही भीती त्यामागे होती. चारही गटांच्या हाती स्वतंत्रपणे एक तेजस्वी कडेच आले, आणि पुढच्या सगळ्या तपासण्यांनंतर १० एप्रिल २०१९ रोजी ती प्रतिमा जगापुढे ठेवण्यात आली.

आमच्या चार चित्रांची अशी एकवाक्यता झाली नाही. तिघांनी खोल जात निमुळता होणारा भोवरा काढला होता. काकूंच्या भोवऱ्याला तर जुन्या विहिरीसारख्या पायऱ्याही होत्या, आणि चित्र म्हणून तो फार सुंदर होता. कडे काढले होते एकट्या सरांनी.

मला वाटते, आम्हा तिघांना त्या दिशेने नेले ते शब्दाने. विवर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जमिनीतले खोल भोक येते, ज्याच्या काठावर उभे राहून खाली डोकावता येते. जयंत नारळीकरांनी आपली एक सुरुवातीची मराठी विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ याच शीर्षकाने लिहिली आणि टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली होती. तेव्हापासून आजवर हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे, आणि परिचयाचा आहे म्हणूनच तो पुन्हा तपासून पाहण्याची गरज आम्हाला वाटली नव्हती. सरांनी सांगितले की कृष्णविवराला काठ आणि तळ नसतात. कोणत्याही बाजूने पाहिले तरी पुढ्यात काळा गोळाच येणार, कारण त्याच्या सीमेच्या आत गेलेला प्रकाश कुठल्याच दिशेने परत येत नाही. पुस्तकांतून दिसणारा तो भोवरा म्हणजे अवकाशाच्या वक्रतेचा आलेख आहे. पावसाच्या आकड्यांचा आलेख म्हणजे पाऊस नव्हे, तसेच हे. काकूंनी आपला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, “मग आपल्याला भोक काढायचंच नाहीये. भोवतालचा उजेड काढायचाय.” सगळ्या कामाचा पाया त्या वाक्याने घातला गेला.

२०२१ च्या मार्चमध्ये त्याच कृष्णविवराची आणखी एक प्रतिमा प्रसिद्ध झाली होती, जिच्यात कड्यावर वळणाऱ्या बारीक रेषांतून तिथल्या चुंबकीय क्षेत्राचा माग दाखवला आहे. रेषा म्हटल्यावर रांगोळीवाल्यांचा हात शिवशिवतो आणि तरुणाचा कल तिकडेच होता. परंतु त्या रेषा समजावून सांगायला प्रकाशाचे ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींची कंपने कोणत्या दिशेने होतात ते, सांगावे लागले असते. आम्ही २०१९ ची मूळ, धूसर कड्याचीच प्रतिमा कायम ठेवली.

रंग की पांढरे

दुसरा प्रश्न रंगाचा होता आणि त्यावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. प्रसिद्ध झालेली प्रतिमा केशरी आहे. लोक तिला त्या रंगानेच ओळखतात. तरीही तो केशरी तिथला नाही. दुर्बिणींनी टिपल्या त्या सुमारे १.३ मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी होत्या, ज्यांना माणसाच्या डोळ्यांच्या हिशेबी काही रंगच नाही. कुठे तेज जास्त आणि कुठे कमी, एवढेच त्यांनी सांगितले, आणि त्या चढउताराला तापलेल्या लोखंडासारख्या छटा नंतर देण्यात आल्या.

तरुणाचा युक्तिवाद सरळ होता. खगोलाची बहुतेक प्रसिद्ध चित्रे अशीच रंगवलेली असतात, तर आपणच का मागे राहावे? त्याने हबल दुर्बिणीने १९९५ साली गरुड तेजोमेघाची जी प्रतिमा घेतली तिचे उदाहरण दिले. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरील वायू आणि धूळ यांचे ते प्रचंड स्तंभ आपण हिरव्या-निळ्या-तांबूस रंगांत पाहत आलो आहोत. तिथे उभे राहून उघड्या डोळ्यांनी पाहिले तर ते तसे दिसणार नाहीत, हे त्यालाही ठाऊक होते. अपोलो १२ मधून चंद्रावर उतरलेले अ‍ॅलन बीन हे त्याचे दुसरे उदाहरण. चंद्रावर चाललेले ते चौथे मानव; पुढे १९८१ मध्ये नासा सोडून त्यांनी उरलेले आयुष्य चित्रकलेला दिले आणि स्वतः करडा पाहिलेला चंद्र जांभळ्या-नारिंगी छटांत रंगवला. प्रत्यक्ष पाहून आलेला माणूस रंग भरतो, तर न पाहिलेल्यांना मज्जाव कशाला, असे त्याचे म्हणणे.

सरांनी यातील फरक असा उलगडला की मी तो शब्दशः वहीत उतरवून घेतला. हबलच्या त्या प्रतिमेत तीन वेगळ्या गाळण्यांतून तीन वेगळ्या नोंदी घेतल्या आहेत: गंधकाचा प्रकाश तांबडा, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवला आहे. मुळात हायड्रोजन आणि गंधक या दोघांचाही तो प्रकाश तांबडाच. पण दोन्ही तांबडे ठेवले तर कुठले काय ते कळणार नाही, म्हणून ते रंग वाटून दिले. म्हणजे तिथला रंग निवडलेला असला तरी तो काहीतरी सांगतो. बीन यांचा रंग त्यांच्या मनातल्या चंद्राबद्दल सांगतो आणि तो त्यांचा हक्क आहे. आपल्या कड्याच्या बाबतीत मात्र नोंद एकाच प्रकारच्या लहरींची आहे. तिथे रंग भरला तर तो नवीन काहीच सांगणार नाही.

यावर काकू म्हणाल्या, “एकच गोष्ट सांगायचीय ना, उजेड किती तेवढी? मग पांढरी रांगोळी कशासाठी आहे?”

मला हे सुचले नव्हते याची खंत वाटली, कारण दारापुढची रांगोळी मुळात पांढरीच असते. आणि योगायोगाची गोष्ट अशी की कृष्णविवराचे पहिले गणिती चित्र याच रीतीने निघालेले आहे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ-पियेर ल्युमिने यांनी १९७९ मध्ये, भोवती तप्त वायूची तबकडी असलेले कृष्णविवर दुरून कसे दिसेल, याचे गणित संगणकाकडून करून घेतले. त्या संगणकाकडे चित्र काढण्याची सोय नव्हती, त्याने आकडेच दिले. मग ल्युमिने यांनी काळी शाई घेतली आणि जिथे तेज जास्त तिथे दाट, कमी तिथे विरळ, असे हजारो ठिपके कागदावर हाताने दिले. त्या कागदाची नंतर छायाचित्राच्या तंत्राने उलट प्रत काढल्यावर काळे ठिपके पांढरे झाले आणि अंधारातून कृष्णविवर उमटले. सरांनी ते चित्र आम्हाला मोबाईलवर दाखवले तेव्हा काकूंनी ते बोटांनी मोठे करून बराच वेळ पाहिले. “ही तर ठिपक्यांची रांगोळी आहे,” त्या म्हणाल्या. रंगाचा वाद तिथे संपला. तरुणाने आपला केशरी डबा परत पिशवीत ठेवला, जरा नाखुशीनेच.

काळे कसे काळे करावे

आठ फूट लांब, आठ फूट रुंद काळी जमीन आणि तीवर पाच फूट व्यासाचे कडे, असे माप ठरले. पांढरी रांगोळी मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळून घेतली होती. करड्याच्या सात छटा हव्या होत्या. चहाच्या चमच्याने मोजून पांढऱ्यात काळी मिसळली आणि सात वाट्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या. अडचण आली ती काळ्याची. बाजारची काळी रांगोळी सभागृहातल्या ट्यूबलाइटखाली शाळेतल्या पाटीसारखी करडी दिसू लागली, कारण रंग दगडाच्या भुकटीला वरून चढवलेला असतो आणि तिचा कण न् कण उजेडात चमकतो. जिथून प्रकाश परत येता कामा नये तिथूनच तो परत येत होता.

उपाय काकूंच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे निघाला. त्याच्याकडून दोन किलो कोळसा आणला, खलबत्त्यात कुटला आणि मलमलीच्या कापडातून वस्त्रगाळ केला. ही पूड उजेड गिळते. नमुन्यासाठी बशीभर पूड काळ्या रांगोळीशेजारी टाकली, तेव्हा त्या दोन काळ्यांतले अंतर पाहून सर खाली वाकून म्हणाले की आपण आत्ताच अर्धे काम समजावून सांगितले आहे. पण कोळसा हलका असतो. श्वासानेही उडतो, आणि एकदा पांढऱ्यावर गेला की निघत नाही. म्हणून आधी साध्या काळ्या रांगोळीचा थर, मधल्या वर्तुळात तीवर गाळणीने कोळसा, आणि तो बसल्यावरच भोवतीचे कडे, असा क्रम ठेवला. पंखे बंद, खिडक्या बंद, मार्चअखेरचे ठाणे; दोन्ही टोकांना विटा लावून आडव्या टाकलेल्या फळीवर ओणवे बसून मधले काम करायचे आणि कपाळावरचा घाम खाली पडू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधायचा.

‘वरचा भाग उद्या भरणार का?’

तिसऱ्या संध्याकाळी कडे पूर्ण झाले. मूळ प्रतिमेत कड्याची खालची बाजू तेजस्वी आणि वरची फिकी आहे, तशीच ती आम्ही काढली होती. त्या वेळी आयोजकांपैकी ज्येष्ठ, ज्यांना सगळे नाना म्हणतात, पाहणीसाठी आले.

“वरचा भाग उद्या भरणार का?” त्यांनी विचारले.

“नाही नाना, झालंय ते पूर्ण,” मी म्हणाले.

“अगं, पण डावं-उजवं दिसतंय. कडं म्हटलं की सगळीकडून सारखं हवं. पाडव्याच्या दिवशी अपुरी रांगोळी ठेवायची नसते. आणि लोक म्हणतील, यांच्याकडची रांगोळी संपली.”

नानांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नव्हते. आपल्या रांगोळीचे व्याकरणच समतोलाचे आहे. गोपद्म, स्वस्तिक, अष्टदल कमळ, काहीही घ्या. मधोमध बिंदू धरून चहूकडे सारखे उमलत जाणे हा तिचा धर्म आहे आणि एक पाकळी फिकी राहिली तर ती चूक ठरते. शिवाय तरुणाने एक गोष्ट पुढे आणली. प्रेक्षकांपैकी अनेकांनी कृष्णविवर पाहिलेले असते ते २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’ या चित्रपटात, आणि तिथे ते दोन्ही बाजूंनी सारखेच तेजस्वी आहे. त्या चित्रपटासाठी किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञांच्या मदतीने नेटके गणित केले होते आणि त्या गणितातही एक बाजू उजळ, एक मंद अशीच येत होती. परंतु प्रेक्षक गोंधळतील म्हणून निर्मात्यांनी तो फरक जाणूनबुजून वगळला. म्हणजे आमच्यासमोर जो प्रश्न होता तो त्यांच्यासमोरही आला होता आणि त्यांनी नानांच्या बाजूने कौल दिला होता.

सरांनी नानांना कारण समजावले. कृष्णविवराभोवतीचा वायू प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा प्रचंड वेगाने फिरतो. पावसात उभे असताना छत्री सरळ धरली तरी चालते; स्टेशनकडे धावत सुटलो की ती पुढे झुकवावी लागते, कारण थेंब समोरून येऊ लागतात. प्रकाशाचेही काहीसे तसेच आहे: अतिशय वेगाने जाणाऱ्या वस्तूचा प्रकाश तिच्या जाण्याच्या दिशेला एकवटतो. म्हणून ज्या बाजूचा वायू आपल्याकडे येतो ती उजळ आणि ज्या बाजूचा दूर जातो ती मंद. “नाना, ही बाजू फिकी आहे म्हणूनच ते फिरतंय हे आपल्याला कळतं. सारखं केलं तर ते थांबलं,” सर म्हणाले.

मग त्यांनी चंद्राच्या डोंगरांची हकिकत सांगितली, जी या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते. विसाव्या शतकात चेस्ली बोनस्टेल या अमेरिकी चित्रकाराने परग्रहांची अशी चित्रे काढली की ती पाहून एक सबंध पिढी अवकाशाच्या ओढीने भारली गेली. टायटन या शनीच्या चंद्रावरून दिसणारा शनी हे त्यांचे १९४४ सालचे चित्र आजही श्वास रोखून पाहावे असे आहे. त्यांच्या चंद्रावरचे डोंगर सुळक्यांचे, कडेलोट करणारे असत. त्यांच्याही आधी ल्युसियाँ रुदो या फ्रेंच चित्रकाराने मात्र चंद्राचे डोंगर बोथट, गोलसर काढले होते. रुदो स्वतः खगोल निरीक्षक होते आणि दुर्बिणीतून चंद्राच्या कडेकडे पाहिले तर तिथे सुळके दिसत नाहीत, एवढ्या साध्या निरीक्षणावर त्यांनी विश्वास ठेवला. अपोलोची माणसे उतरली तेव्हा डोंगर रुदो यांच्यासारखे निघाले. लोकांना मात्र सुळकेच आवडले होते. मी इथे एक भर घालते, की बोनस्टेल यांना कमी लेखणे अन्यायाचे होईल, कारण त्या सुळक्यांनीही माणसांना चंद्राकडे पाहायला लावले. त्या संध्याकाळी नानांनीही नेमके हेच उत्तर सरांना दिले.

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि तिढा सुटत नव्हता. तो सोडवला काकूंनी, आणि तोही वाद न करता. त्या फळीवरून उतरल्या, दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, मग जवळ येऊन वरच्या बाजूपाशी खाली बसल्या. “सर, ही बाजू फिकी आहे म्हणजे तिथे उजेड कमी आहे, की नाहीच आहे?”

“कमी आहे. पण आहे.”

“मग चूक आपली आहे. आपण तिथे कमी उजेड काढलाच नाही, कमी रांगोळी घातली.”

हे खरे होते. ल्युमिने यांच्या चित्रावर आम्ही इतके भाळलो होतो की वरच्या बाजूला आम्ही पांढरी रांगोळीच विरळ भुरभुरवली होती. कागदावर, हातभर अंतरावरून, विरळ ठिपके मंद प्रकाशासारखे दिसतात. जमिनीवर, पायाशी, तेच ठिपके दाणे म्हणून वेगळे दिसतात आणि मधून खालची काळी जमीन डोकावते. ठाण्यातल्या जाणत्या डोळ्याला त्याचा एकच अर्थ लागतो, की हात आवरता घेतला. नानांना जे खटकले होते ते विज्ञान नव्हते. कसर आमच्या कामात होती, आणि आम्ही मात्र ती विज्ञानाच्या आडून सावरत होतो.

रात्री साडेनऊनंतर आम्ही वरची बाजू पुन्हा केली. मऊ ब्रशने विरळ पांढरे उचलले, काळा थर सारखा केला आणि सात वाट्यांपैकी शेवटच्या तीन, म्हणजे सर्वांत गडद करड्या छटा घेऊन, उजळ बाजूइतकाच दाट, सलग थर चिमटीने दिला. रांगोळी उजळ बाजूइतकीच लागली, वेळ मात्र जवळजवळ दुप्पट, कारण गडद करडे काळ्यात विरताना कडा राहू न देणे फार अवघड असते. सहा इंच वरून सोडली तर रांगोळी पसरते आणि दोन इंचांवरून सोडली तर ढीग होतो, त्या दोहोंमधली उंची बोटांनाच सापडावी लागते. तरुणाच्या हाताचे खरे कसब मला त्या रात्री कळले. रंग नाकारला गेल्याची खंत त्याने बोलून दाखवली नाही, पण पहाटे एकच्या सुमारास तो म्हणाला, “ताई, करड्यातही इतकं करता येतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं.”

सकाळी नाना आले. दारातूनच त्यांनी पाहिले, मग जवळ येऊन पाहिले. “आता फिकं वाटतंय. अपुरं नाही वाटत,” एवढेच म्हणून ते पुढच्या रांगोळीकडे गेले.

चार दिवस

प्रदर्शनातील काही गोष्टी नोंदवायला हव्यात. रांगोळीला वर-खाली नसते. लोक चारही बाजूंनी फिरतात. त्यामुळे ‘वरची बाजू फिकी’ हे वाक्यच जमिनीवर निरर्थक ठरते. उजळ बाजू दाराकडे ठेवण्याचा आमचा निर्णय बरोबर ठरला, कारण आत येणाऱ्याला आधी तेज दिसे आणि फेरी घालताना ते हळूहळू मावळत जाई. काही मुलांनी याचा खेळच केला. ती कड्याभोवती पळत उजेड कुठे संपतो ते शोधत.

माहितीफलकाच्या बाबतीत मात्र आम्ही चुकलो. तो दोनशे शब्दांचा होता आणि भिंतीवर एका कोपऱ्यात लावला होता, त्यामुळे फारच थोड्यांनी तो वाचला. रंग का नाही, हा प्रश्न चार दिवसांत आम्हाला असंख्य वेळा विचारला गेला आणि काही जण शेजारच्या रंगीत शनीकडे लवकर सरकले. आमची निवड चुकीची होती असे मला आजही वाटत नाही. पण ‘हा उजेड डोळ्यांना दिसणारा नाही, म्हणून त्याला रंग दिलेला नाही’ एवढे एकच वाक्य रांगोळीच्या चौकटीतच, पायाशी, मोठ्या अक्षरांत लिहायला हवे होते.

लोक सर्वांत जास्त वेळ थांबले ते एका ठिपक्यापाशी. सरांनी हिशेब केला होता की कड्याचा खरा व्यास सुमारे साडेदहा हजार कोटी किलोमीटर, म्हणजे आमच्या रांगोळीतला एक सेंटिमीटर सुमारे सत्तर कोटी किलोमीटरांचा. त्या मापाने पृथ्वीची सूर्याभोवतीची संपूर्ण कक्षा चार मिलिमीटरांच्या एका ठिपक्यात मावते. नेपच्यूनची कक्षासुद्धा वीतभर भरत नाही. काकूंनी उजव्या कोपऱ्यात, काळ्या जमिनीवर, चार मिलिमीटरांचा एक पांढरा ठिपका दिला आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘आपले वर्षभराचे फिरणे’ असे लिहिले. फलक न वाचणारेही हे वाचत. बायका वाकून ठिपका पाहत, मग मान वळवून सगळे कडे पाहत, आणि पुन्हा ठिपक्याकडे येत.

पाडव्याच्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर एक आजी नातवाचा हात धरून आल्या. त्यांनी पिशवीतून छोटी कुयरी काढली. रांगोळी हळदकुंकवाशिवाय ठेवू नये, म्हणून त्यांनी सगळ्या रांगोळीवरून नजर फिरवली, कुठे वाहावे ते त्यांना बहुधा ठरवता येईना, आणि शेवटी कोपऱ्यातल्या त्या ठिपक्यावर त्यांनी हळदीचे एक बोट आणि कुंकवाचे एक बोट टेकवले. ठिपका पार झाकला गेला. मापाच्या हिशेबात आता ती जागा पृथ्वीच्या कक्षेच्या कितीतरी पट मोठी झाली होती, आणि शिवाय सगळ्या रांगोळीत तेवढाच रंग होता. सर ब्रश घेऊन पुढे झाले, पण ठिपक्याजवळ बसल्यावर त्यांनी ब्रश खिशात ठेवला. प्रदर्शन संपून रांगोळी उचलली जाईपर्यंत ते हळदकुंकू तिथेच होते.